मनुक्यांचा कौल

बाई,

हे पत्र मी टाळत आलोय. कागद नव्हता, पेन नव्हतं असं काही नाही. दोन्ही असायचं, आणि नेमकं त्याच वेळी मला चहा प्यावासा वाटायचा, किंवा रस्त्यावरून एखादी गाडी जायची आणि तिच्या पाटीवर कुठलं गाव लिहिलंय ते बघायला मी उठायचो. तुम्ही म्हणायचात ना, या पोराला देवाने डोळे दिले पण ते एका जागी ठोकून ठेवायचा खिळा द्यायला विसरला. तो खिळा अजून मिळालेला नाही. शिवाय गेलेल्या माणसाला लिहायचं तर घाई कशाला, असंही मी स्वतःला सांगत होतो. तुम्ही काही आता कुठे जाणार नाही. जाणारा मीच असतो. आणि आज संध्याकाळच्या गाडीने मी जाईन असं बरंचसं ठरलंय, म्हणून दुपारीच लिहायला बसलो.

बसलोय बिरवाडीत, आपल्याच खोलीत. आपल्या ख्रिस्ती मंडळीने अजून तीच भाड्याची खोली ठेवलीय. खाली हार्डवेअरचं दुकान, बाजूने जिना, वर आपण. रविवारी उपासना, बाकीचे दिवस रिकामी. मी महाबळेश्वरला स्ट्रॉबेरीच्या तोडणीवर जाता जाता आईला भेटायला पोलादपूरला उतरलो, आईने पाळकांना कळवलं, पाळक म्हणाले थोडे दिवस इथेच झोप, खोली झाडूनही होईल. तर झाडतोय. उद्या प्रभुभोजन आहे. सतरंज्या घातल्या, पेले धुतले, भाकरीवर झाकायचं पांढरं कापड वाळत घातलं. राहिलेत फक्त मनुके. तुम्ही काळे मनुके रात्रभर भिजत घालून, उकळून त्यांचा रस करायचात, तो करणारी माणसं बदलली पण रीत तीच राहिलीय. गंमत म्हणजे ते मनुके मंडळी विकत आणत नाही, ते येतात. प्रभुभोजनाच्या आदल्या दिवशी पोलादपूरहून येणाऱ्या गाडीचा कंडक्टर नाक्यावरच्या चहावाल्याकडे एक पुडी देऊन जातो. वर्षानुवर्षं. कोण पाठवतं कुणालाच ठाऊक नाही. असेल कुणी भाविक, म्हणतात, आणि उकळतात. मी आत्ताएवढा असतो तर पहिल्याच पुडीला माग काढत पोलादपूर गाठलं असतं. पण आधी मी लहान होतो, आणि नंतर इथे नव्हतो.

आज मनुके आलेले नाहीत. आणि मी असं ठरवलंय की आले तर राहायचं, उद्या सगळ्यांबरोबर बसायचं, भाकर आणि पेला घ्यायचा. नाही आले तर संध्याकाळची गाडी. पाळक म्हणालेत, अडलं तर मी महाडहून घेऊन येतो, त्यामुळे उपासना काही थांबणार नाही. थांबलो तर मीच. घर सोडल्यापासून मी प्रभुभोजन घेतलेलं नाही, बाई. भीती वाटते. स्वतःला न तपासता जो घेतो तो आपल्यावर देवाचा न्याय ओढवून घेतो, असं पवित्र शास्त्रात लिहिलंय, आणि ज्या दिवशी मी स्वतःला तपासायला बसतो त्या दिवशी तर उठून पळावंसंच वाटतं. पाळकांना हे सांगितलं तर ते सायकल लावता लावता म्हणाले, 'तपास आणि घे, असं लिहिलंय. तपास आणि घेऊ नको, असं नाही लिहिलेलं.' आणि गेले. मी नंतर वाचून पाहिलं. खरंच तसं आहे. इतक्या वेळा वाचून मला ते दिसलं नव्हतं. पण वाक्य कळलं म्हणून भीती जाते असं थोडंच आहे.

ही भीती कुठून सुरू झाली ते शोधत गेलो तर मी सवच्या गरम पाण्याच्या कुंडांपाशी पोचतो. लहानपणी माझी पक्की खात्री होती की नरक सवच्या खाली आहे. जमिनीतून आपोआप गरम पाणी येतं म्हणजे खाली कुणीतरी जाळ घातलाय, इतका सरळ माझा हिशेब. तो मी रविवारच्या शब्बाथ शाळेत सगळ्या पोरांना सांगितला आणि माझी बहीण रडायला लागली. पुढच्याच सुट्टीला तुम्ही आम्हा सगळ्यांना सवला नेलंत. कुंडाच्या काठावर गुडघेदुखीवाल्या बायका पाय सोडून गप्पा मारत बसल्या होत्या, एक जण सुनेबद्दल बोलत होती आणि बाकीच्या हूं हूं करत होत्या. तुम्ही माझे पाय धरून पाण्यात घातलेत. मी डोळे मिटले. तुम्ही म्हणालात, 'बघ, तुझ्या नरकात लोक गुडघे शेकायला आलेत.' सगळे हसले. पण येताना गाडीत तुम्ही मला खिडकीशी बसवलंत आणि हळू सांगितलंत की न्याय आहे, तो खराच आहे, फक्त तो कुठे आहे हे बोट दाखवत फिरायचं काम आपलं नाही. आता विचार करतो तर वाटतं, दुसरं कुणी असतं तर रडणाऱ्या पोरांना म्हणालं असतं की नरकबिरक काही नसतं. तुम्ही माझ्या भूगोलाची थट्टा केलीत, न्यायाची नाही केली.

शब्बाथ शाळा तुमच्या स्वयंपाकघरात भरायची, पोलादपूर स्टँडच्या मागे, कारण पुढच्या खोलीत काका झोपलेले असायचे. काका म्हणजे तुमचे यजमान, एसटीचे ड्रायव्हर, आंबेनळी घाट हीच त्यांची लाईन. तुम्ही नगरकडच्या, जिल्हा परिषदेच्या शाळेत बदली होऊन आलेल्या, पिढ्यांच्या ख्रिस्ती. ते डोंगरातल्या वाडीतले, गावदेवाची पालखी खांद्यावर घेतलेले. तुमचं लग्न कसं जमलं हे आम्हा पोरांना शास्त्रातल्या कुठल्याही कोड्याहून मोठं कोडं होतं. रविवारी सुट्टी असली की काका तुमच्याबरोबर इथे यायचे आणि खोलीबाहेर, जिन्याच्या वरच्या पायरीवर बसून पेपर वाचायचे. गीतं, प्रार्थना, उपदेश, सगळं संपेपर्यंत. आत मात्र कधी आले नाहीत. एकदा पाळकांनी हाताला धरलं तर म्हणाले, 'मी हितंच बरा हाय. प्याशिंजर येगळे नि ड्रायव्हर येगळा.'

जुन्या कराराचा धडा होता त्या दिवशी काकांच्या गावाहून तवसं आलेलं, हे एवढं, पिवळं पडलेलं. (आता इथे बिरवाडीत तवसं विचारलं तर पोरं साधी काकडी दाखवतात. असो.) तुम्ही ते उभं चिरलंत आणि दोन फाका फरशीवर समोरासमोर ठेवल्यात, मधे पाऊलभर वाट. म्हणालात, त्या काळी दोन माणसं करार करायची तर जनावर असं दोन भाग करून ठेवायची आणि मधून दोघांनी चालत जायचं. म्हणजे, मी शब्द मोडला तर माझं असंच होवो. मी विचारलं, रक्तात पाय घसरत नसतील? तुम्ही म्हणालात, घसरत असतील, म्हणूनच लक्षात राहत असेल. मग ती गोष्ट. देवाने ज्या म्हाताऱ्याला आकाशातले तारे मोजायला सांगितले आणि तेवढी लेकरं देईन असं वचन दिलं, त्याने जनावरं आणली, चिरली, मांडली, आणि वर घिरट्या घालणारी गिधाडं हाकलत बसला. सूर्य बुडाला, आणि त्याला गाढ झोप लागली. आणि त्या अंधारात धुराने भरलेली एक शेगडी आणि जळती मशाल त्या फाकांमधून गेली. तुम्हाला शेगडी दाखवायची होती. घरात गॅस. म्हणून तुम्ही पुढच्या खोलीतून काकांच्या देवांपुढचं धुपाटणं उचलून आणलंत. काका अंथरुणातूनच ओरडले, 'अगो, माजं धुपाटणं कुटं चाललं?' तुम्ही म्हणालात, 'चांगल्या कामाला चाललंय, झोपा.'

ते धुपाटणं तुम्ही तवशाच्या फाकांमधून हळूहळू सरकवलंत. धूर आमच्या डोळ्यांत गेला. मी विचारलं, म्हातारा कधी चालला? तुम्ही म्हणालात, चाललाच नाही, तो झोपला होता, एकटा देवच चालला. मग मला जे सुचलं ते मी विचारलं, की मग करार मोडला तर चिरायचं कुणाला? तुम्ही धुपाटणं खाली ठेवलंत. मला वाटलं आता बसतेय एक. तुम्ही म्हणालात, 'हा प्रश्न सांडू नकोस. याचं उत्तर पुढच्या रविवारी.' आणि आम्ही सगळ्यांनी तो करार मीठ लावून खाल्ला. पुढच्या रविवारी मी आलो नाही. हायवेच्या कामावर नवीन जेसीबी आला होता, तो बघायला गेलो. उत्तर बहिणीने सांगितलं, पण तिच्या तोंडून ते अगदीच सोपं वाटलं. प्रभुभोजनात भाकर मोडतात ना रे, त्याचं शरीर म्हणून, तेच, ती म्हणाली. आज ते पांढरं कापड वाळत घालताना मला ते वाक्य आठवलं आणि कापड हातात तसंच राहिलं.

पण मुख्य सांगायचं ते कौलाचं. काकांनी मला त्यांच्या गावच्या देवळातली गोष्ट सांगितली होती. गुरव देवाच्या पाषाणाला ओल्या पाकळ्या चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो, आणि सगळे श्वास धरून बघत बसतात. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. मला ते फार आवडलं. किती सरळ. आपल्याकडे असं काहीच नव्हतं. आपल्याकडे सगळं विश्वासाने घ्यायचं, आणि विश्वास आहे की नाही ते कुणाला विचारायचं? मला त्या वयात एकच प्रश्न होता, की त्या तारे मोजणाऱ्याला जे वचन दिलं त्यात मी मोजला गेलोय की नाही. हो किंवा नाही. म्हणून एका दुपारी तुमचं शास्त्र मी मांडीवर घेतलं, डोळे मिटले, मनातल्या मनात गुरवासारखं गाऱ्हाणं घातलं, पुस्तक उघडलं आणि बोट ठेवलं.

बोट पडलं नव्या करारातल्या एका पत्रावर. ज्यांनी एकदा चव घेतली आणि मग पाठ फिरवली त्यांचं काय, याबद्दल. आणि जमिनीबद्दल. पाऊस पिऊन पिऊनही जी जमीन काटेकुसळंच देते, ती शापाच्या काठावर आलेली असते, आणि शेवटी ती जाळतात. मी अंगणात पळालो. काका तिथे बनियनवर बसून चपलेला खिळा मारत होते. मी त्यांना सगळं सांगितलं, कारण समोर तेच होते. ते नीट ऐकत राहिले. मग म्हणाले, 'जमीन भाजतात, यवढंच ना? मग त्यात रडायचं काय रे?' आणि त्यांनी मला राब सांगितला, जसं काही मी कोकणात वाढलोच नव्हतो. उन्हाळ्यात भाताच्या रोपांची जागा निवडायची, तिच्यावर शेण, पालापाचोळा, तोडलेल्या फांद्या पसरायच्या आणि पेटवून द्यायचं. काटेकुसळं मरतात, तणाचं बी मरतं, आणि पाऊस लागला की त्याच काळ्या जागेत रोपं वर येतात. 'भाजल्याबिगार रोप नाय,' काका म्हणाले, 'तुमच्या देवाला शेतीतलं कळतं म्हणायचं.'

मी एकदम हलका झालो. तेवढ्यात तुम्ही दारात आलात. तुम्ही सगळं ऐकलं होतं. आधी मला कौलाबद्दल बोललात, आणि तसं तुम्ही मला त्याआधी आणि नंतरही कधी बोलला नाहीत. आवाज चढला नव्हता तुमचा. म्हणालात, 'तो एवढं पुस्तकभर बोलतोय, आणि तू त्याची मान धरून हो की नाही तेवढं सांग म्हणतोस?' मग काकांकडे वळलात. म्हणालात, राब चांगला आहे, पण तिथे राबाबद्दल लिहिलेलं नाही. तिथे धाक आहे. धाक आहे तर तो धाक म्हणूनच वाचायचा, त्यावर गूळ लावायचा नाही. काका म्हणाले, 'बरं मास्तरीण,' आणि परत चपलेकडे वळले. मी पुन्हा रडायच्या बेतात. तेव्हा तुम्ही माझ्याजवळ खाली बसलात, पदराला पीठ लागलेलं होतं तुमच्या, आणि विचारलंत, 'रस्त्यावरून जाणाऱ्या कुठल्या पोराला मी कधी ओरडलेय?' मी म्हटलं, नाही. 'मग ओरडते कुणाला?' मी म्हटलं, आम्हाला. 'मग?' म्हणालात, आणि उठून आत गेलात, तव्यावर काहीतरी करपत होतं.

काकांचा राब आणि तुमचा धाक, दोन्ही मी तेव्हापासून बरोबर घेऊन हिंडतोय. कुठलं खरं, मला अजून ठरवता येत नाही. मागच्या वर्षी एका ट्रकवर होतो, घाटात गाड्या अडकल्या होत्या, ड्रायव्हर झोपला होता, तेव्हा ते पत्र पुन्हा काढलं. या वेळी बोटाने नाही, वरून खाली वाचत गेलो. आणि मला काय सापडलं माहितीये? तुम्हाला माहीत असणारच. तो जाळ संपतो तिथेच लिहिणारा एकदम मऊ होतो, प्रिय माणसांनो म्हणतो, आम्ही असं बोलतोय खरे पण तुमच्याबद्दल आम्हाला चांगल्याचीच खात्री आहे म्हणतो. आणि आणखी थोडं खाली, त्याच पानावर, तो तारे मोजणारा म्हातारा येतो. तोच. देवाला शपथ घ्यायची होती आणि स्वतःहून मोठं कुणी सापडेना, म्हणून त्याने स्वतःचीच शपथ घेतली. म्हणजे आपलं तवसं, बाई. ते तिथेच होतं. माझं बोट त्या दुपारी चार बोटं खाली पडलं असतं तर ते तवशावर पडलं असतं. मी ट्रकमध्ये मोठ्याने हसलो. ड्रायव्हर जागा झाला, म्हणाला रस्ता मोकळा झाला काय. मी म्हटलं नाही, झोप.

पण मग हसणं थांबल्यावर मला दुसरं वाटलं. मी आता फक्त बोट खाली सरकवतोय का? डावी पाकळी पडली तर उजवी पडेपर्यंत पुन्हा लावणारे लोक असतात, काका सांगायचे. मी तेच करतोय का? हे विचारायला तुम्ही हव्या होता.

आणि एक विचारायचं राहिलंय ते तुमच्या आणि माझ्या मधेच अर्धं पडलेलं आहे. आपण काकांच्या गाडीने घाट चढून गेलो होतो, तुम्हाला तिकडे शाळेचं काही काम होतं. मी वळणावळणाला झोपलो. जाग आली तेव्हा तुम्ही म्हणालात, झोपलास ना? दरी एका बाजूला, आणि तू खुशाल तोंड उघडं टाकून झोपलास. का, तर गाडी कोण चालवतंय ते तुला ठाऊक. तो म्हातारा तसाच झोपला होता. मी म्हटलं, गाड्या दरीतही जातात. तुम्ही म्हणालात, उपमा आहे रे, रबर नव्हे, किती ताणशील. मी म्हटलं, बरं, मग मी काय करायचं? तुम्ही म्हणालात, 'उतरायचं नाही.' मी विचारलं, 'आणि उतरलो तर?' तुम्ही तोंड उघडलंत, आणि मागच्या बाकावरच्या एका बाईला उलटी झाली. तुम्ही पाण्याची बाटली घेऊन तिच्याकडे गेलात. त्यानंतर विषय निघालाच नाही. त्या पावसाळ्यात कावीळ झाली तुम्हाला आणि दिवाळीच्या आत तुम्ही गेलात.

जायच्या आधी, आजारी असतानाच, तुम्ही मला लाल स्वेटर दिलात. बाह्या हातभर लांब. मी म्हटलं, हा मला कसा होईल? तुम्ही म्हणालात, तू होशील त्याला. तुम्हाला माती दिली तेव्हा मी तो घालून गेलो होतो, भर उन्हात. काका कबरीपासून लांब, झाडाखाली उभे होते. पाळकांनी बोलावलं तरी पुढे आले नाहीत. त्यानंतर ते या खोलीच्या पायरीवरही कुणाला दिसले नाहीत.

आणि मी उतरलो. बारावी अर्धी सोडून. लोक विश्वास सोडतात ते काहीतरी मोठं दुःख होऊन, असं मी ऐकलंय, उपदेशातही तसंच सांगतात. माझं तसं काही झालं नाही. मी लघवीला उतरल्यासारखा उतरलो आणि इकडेतिकडे बघत राहिलो. हॉटेलात राहिलो, रस्त्याच्या कामावर राहिलो, एका माणसाबरोबर मधाची पोळी काढत हिंडलो, तो माणूस फार भारी होता, त्याच्यावर वेगळं लिहायला पाहिजे. देवावर राग कधीच नव्हता. फक्त गाडी पुढे गेली असणार असं मी धरून चाललो. ज्याने एकदा चव घेतली आणि पाठ फिरवली, तो मीच, हे मला कुणी सांगायला नको होतं. भाकर पुढे आली की मला ते जळणारं शेत दिसतं. म्हणून आज मनुके आले नाहीत तर मी

थांबा. जिन्यावर कुणीतरी येतंय. सावकाश, दोन पायऱ्या आणि एक श्वास असं. पाळकांची चाल नव्हे ही.

काका आहेत, बाई.

आत्ता पुन्हा बसलोय, ते पाणी पीत आहेत तोवर लिहितो. डोकं पूर्ण पांढरं झालंय. हातात कागदाची पुडी. मला बघून त्यांना काही विशेष वाटलं नाही, जणू मी इथे असणारच. म्हणाले, 'नवा कंडक्टर हाय. पार्सल घेत नाय म्हणला. म्हटलं आपणच जावं.' मला एवढंच विचारता आलं, इतकी वर्षं तुम्ही पाठवत होता? ते म्हणाले, 'ती न्यायची. ती गेली म्हणून बंद करायचं काय?' मग माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघून म्हणाले, 'आता बसला की अंगाला.' मी बघितलं. तुमच्या लाल स्वेटरच्या बाह्या मनगटाशी येऊन थांबल्यात. मला कधी होऊन गेला, कळलंच नाही.

मी म्हटलं, आत या. तर ते त्यांच्या त्याच पायरीवर बसले. आणि पाण्याचा पेला हातात फिरवत म्हणाले, 'तू उतरून परत आलास, तुजं येगळं. मी तर कदी चढलोच नाय तुमच्या गाडीत. या वयात घेतील काय रे?' आणि बाई, माझ्या तोंडून निघून गेलं, 'घेतील की, चढा.' इतक्या खात्रीने, की जसा मी त्या गाडीचा कंडक्टरच. मग लक्षात आलं की हे सांगणारा अजून स्वतः खाली रस्त्यात उभा आहे.

एक सांगायचं राहिलं, तेवढं सांगतो आणि उठतो. मनुक्यांचा तो कौल मी लबाडीने लावला होता. दुपारची पोलादपूरची गाडी आली, मी नाक्यावर गेलो, कंडक्टरने नाही म्हणून मान हलवली, गाडी निघून गेली, आणि त्यानंतर मी ठरवलं की आले तर राहायचं. येणार नाहीत हे ठाऊक असताना. मी पाकळी आधी हाताने खाली पाडली आणि मग गाऱ्हाणं घातलं. आता पुडी समोर आहे. तुम्ही याला कौल म्हणू देणार नाही, ते मला माहितीये, आणि म्हणत पण नाही. पण मनुके रात्रभर भिजायला हवेत, म्हणजे ते आत्ताच घालायला हवेत, आणि ते घालायला कुणीतरी इथे पाहिजे. हे पत्र कुठे टाकायचं ते नंतर बघू. पुढे ढकलणं मला जमतं. खाली गाडीचा हॉर्न वाजला आत्ता, महाबळेश्वरकडचीच असेल. पाटी बघायला मी उठलो नाही. काकांनी चपला काढल्यात, पण त्या पायरीवर न ठेवता हातात धरून दारात उभे आहेत, आणि विचारतायत, कुठे ठेवू.